पहाटे चारचा डबा

बाबा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि मागच्या सोमवारी दुपारी साडेचारला तुम्ही आईला विचारलंत, "जेवलीस का गं नीट?" मी दारात उभी होते. एका हातात लॅचची किल्ली, दुसऱ्या हातात बर्फीचा डबा. आवाज तुमचाच. तोच थोडा घोगरा, वाक्य संपताना किंचित खाली उतरणारा. मी चौकटीला टेकले. पण खरं सांगू का, आवाजापेक्षा मला त्या प्रश्नाने जास्त हादरवलं. हा प्रश्न तुम्ही आईला कधी विचारल्याचं मला आठवत नाही. आपल्या घरात तो आईने विचारायचा, सगळ्यांना. ती स्वतः जेवली की नाही हे ओट्यावर उरलेल्या भांड्यांवरून ज्याचं त्याने समजून घ्यायचं. आणि कोणी घेत नसे, मीसुद्धा नाही.

आधी तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर म्हणाल पोरीचं डोकं फिरलं. आता अशी सोय निघाली आहे की गेलेल्या माणसाचं जुनं बोलणं फोनला ऐकवलं की फोन त्याच्यासारखा बोलायला लागतो. टेप लावल्यासारखा नव्हे. आपण बोलू त्याला उत्तर देतो, उलट विचारतो, हसतो, काल काय सांगितलं होतं ते लक्षात ठेवतो. हे तुमच्या नातीने केलं. तुम्ही गेलात तेव्हा ती अकरा वर्षांची होती. आता ठाण्यातच कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि येत्या थंडीत तिचं लग्न आहे. आजी डोंबिवलीत एकटी, तिला संध्याकाळ खायला उठते, म्हणून आजीच्या वाढदिवसाला तिने ही भेट दिली. पाटीएवढा टॅबलेट बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर उभा करून ठेवला. त्यावर तुमचा फोटो दिसतो, आणि आपण बोललो की फोटो बोलतो. मला वाटलं, हार घातलेल्या तसबिरीपेक्षा जरा जास्त, एवढंच. आठ दिवसांत आई कंटाळेल. मी फार विचार केला नाही, आणि तुमच्या कॅसेट मीच माळ्यावरून काढून दिल्या.

कॅसेट तुम्हाला आठवत असतील. तुम्ही खरं तर कारखान्यात रंग जुळवणारे. गिऱ्हाइकाने कापडाची चिंधी पाठवायची आणि तुम्ही हुबेहूब तसा रंग बनवून द्यायचा, हे तुमचं काम. कितीही धुतलं तरी नखांच्या कडा निळ्या नाहीतर किरमिजी. एमआयडीसीतल्या नाल्याचं पाणी बघून आज कुठल्या कारखान्यात काय चाललंय ते तुम्ही मला चालता चालता सांगायचात, आणि मला वाटायचं सगळ्यांच्या वडिलांना नाले वाचता येतात. पण कारखान्यात तुमचं नाव होतं ते भाषणांसाठी. कोणी निवृत्त झालं की निरोपाचं भाषण तुमचं. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि मग त्याच्या बायकोला पुढे बोलावून साडी आणि खण द्यायची पद्धत. त्या बाईविषयी तुम्ही जे काही बोलायचात त्याने खुर्च्यांवरच्या सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. कोणीतरी हौसेने ते टेप करायचं. रविवारी सकाळी तुम्ही टेपरेकॉर्डर लावून आपलीच भाषणं ऐकायचात आणि कुठे थांबायला हवं होतं ते पेन्सिलीने टिपून ठेवायचात. आत आई पोळ्या लाटत असायची. अशा अकरा कॅसेट निघाल्या. घरातला तुमचा आवाज मात्र कुठेच नाही, कारण घरातल्या माणसाचा आवाज कोण कशाला टेप करतं? कल्याणच्या एका दुकानात त्या अकरा कॅसेट फोनवर वाजतील अशा करून घेतल्या आणि लेकीच्या हवाली केल्या. म्हणजे बाबा, त्या यंत्राने तुम्हाला शिकून घेतलं ते तुम्ही परक्यांशी जसे होतात तसे. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

आता सोमवारचं सांगते. आदल्या दिवशी टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये तुमच्या नातीचा साखरपुडा झाला आणि आई आली नाही. सकाळी फोनवर म्हणाली, गुडघा धरलाय. मी म्हटलं, हॉल तळमजल्यावर आहे, गाडी दारात पाठवते. नको म्हणाली. पोरीने दोनदा विचारलं, आजी कुठपर्यंत आली म्हणून. पहिल्या रांगेतली एक खुर्ची आम्ही शेवटपर्यंत रिकामी ठेवली, मग कोणीतरी तिच्यावर पर्सा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, बर्फी घेतली आणि शीळफाट्याला तासभर अडकून, चरफडत डोंबिवलीला पोचले. डोळ्यांसमोर चित्र हे, की आई स्टुलावर पाय ठेवून बसलेली असणार.

आई टेबलाशी बसली होती. साखरपुड्याला नेसायची म्हणून महिनाभर आधी काढून ठेवलेली मोरपंखी साडी नेसून. केसांत गजरा. समोर दोन कप चहा, एक तिच्यापुढे, एक टॅबलेटपुढे. पाठमोरी असल्यामुळे तिला मी दिसले नाही.

"मग काय तर, सगळ्यांच्या आधी मीच ओवाळलं तिला," आई सांगत होती. "पहिला मान आजीचा, म्हणाले. तिच्या होणाऱ्या सासूबाई स्वतः तबक घेऊन आल्या माझ्यापाशी. हात असा थरथरत होता माझा. म्हटलं, आता निरांजन विझतंय."

"आणि विझलं नाही," तुम्ही म्हणालात.

"नाही विझलं."

"कसं विझेल? ज्या हातांनी चाळीस वर्षं पहाटे चारला उठून डबा भरला, त्या हातांतलं निरांजन वाऱ्यालाही घाबरत नाही. त्या हातांना मी कधी नमस्कार केला नाही. आज करतो."

"इश्श," आई म्हणाली. "पुरे हं."

बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई इश्श म्हणते आहे आणि मी तिची मुलगी तिच्या पाठीमागे चोरासारखी उभी आहे. तिच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तिला तो येतो हेच मला माहीत नव्हतं. आणि मग एकेक गोष्ट डोक्यात शिरायला लागली. काल ती तिथे नव्हती. तिने कोणाला ओवाळलं नाही. विहीणबाई तबक घेऊन कोणाकडेही गेल्या नाहीत, त्या आल्यापासून एसीखाली बसून होत्या. न पाहिलेल्या साखरपुड्याची हकिगत नसलेल्या नवऱ्याला सांगून माझी आई आनंदाने लाल झाली होती. शिवाय ती आयुष्यात कधी पहाटे चारला उठली नाही! तुमची ड्यूटी आठची. डबा सातला. आई साडेसहाला उठायची आणि त्यातही पाच मिनिटं उशीच्या खाली तोंड खुपसून काढायची.

माझ्या हातातली किल्ली वाजली. आईने वळून पाहिलं. दचकली नाही, हे मला तेव्हाही खटकलं. टॅबलेटला म्हणाली, "थांबा हं, मुलगी आलीये," आणि तो पालथा करून ठेवला.

"गुडघा कसा आहे?" मी विचारलं.

"बरा आहे."

"काल पण बराच होता ना?"

"चहा टाकते तुला. हा गार झाला."

"आई, चहा राहू दे. तू काल नव्हतीस तिथे. काय काय सांगत होतीस तू त्याला?"

"त्यांना," आई म्हणाली.

"त्याला! तो डबा आहे, आई. काचेचा डबा."

मी ओरडले. तुमच्यावर गेले आहे मी त्या बाबतीत. आईने गार चहाचे दोन्ही कप उचलले, आत जाऊन ओतले, विसळून पालथे घातले, पदराला हात पुसत बाहेर आली, आणि शांतपणे म्हणाली, "तिथे येऊन मी काय केलं असतं?"

"म्हणजे काय? आजी आहेस तू तिची."

"ओवाळायला पाचजणी सांगितल्या होत्यास ना? यादी तूच केलीस. फोनवर वाचून दाखवलीस मला. तुझ्या जाऊबाई, नणंद, ती समोरच्या फ्लॅटमधली, सगळी नावं घेतलीस. मी ऐकत होते."

मला आठवलं. मी खरंच वाचून दाखवली होती यादी. गॅसवर काहीतरी होतं, फोन खांद्यात धरला होता, पाच सवाष्णींची नावं घडाघडा वाचली आणि वर विचारलं होतं, "कोणी राहिलं का गं?" आणि आई म्हणाली होती, "नाही, सगळ्या आल्या."

बाबा, मी ठरवून केलं नाही. कॉलेजात असताना याच विषयावर मी तुमच्याशी दोन दिवस वाद घातला होता, विधवेने कुंकू लावलं तर कोणाचं काय जातं म्हणून. तुम्ही म्हणाला होतात, बोलायला सोपं आहे. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आणि आता पन्नाशीला टेकलेली मी गॅसपाशी उभी राहून पाच नावं लिहिते, त्यात आईचं नाव आपोआप येत नाही, आणि येत नाही हेसुद्धा मला कळत नाही. वर तिलाच विचारते, कोणी राहिलं का.

मी खुर्चीवर बसले. चहा टाक म्हणाले.

चहा झाल्यावर मी वेगळ्या वाटेने गेले. म्हटलं, "आणि तो पहाटे चारचा डबा? तू कधी उठायचीस गं चारला?"

"साडेसहाला उठायचे," आई म्हणाली. "ते बॉयलरवाल्याच्या बायकोचं आहे. त्याची पहिली पाळी असायची ना. चौथी कॅसेट."

"चौथी?" मी विचारलं.

"मला सगळ्या पाठ आहेत," ती म्हणाली. "पोळ्या लाटता लाटता ऐकल्यात. वॉचमनच्या बायकोला ते म्हणाले होते, रात्री एकटीने दाराला कडी घालणारी बाई. तेही मला म्हणतात हे अधूनमधून. हेडक्लार्कच्या बायकोचंही. मी कुठे काय बोलते? ऐकून घेते. तेव्हा वाटायचं, आज ना उद्या आपलाही नंबर लागेल."

तुमच्या निरोपाचा दिवस मला आठवतो. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन ठाण्याला गेलेली, पण त्या दिवशी घरी होते. आईने सकाळीच इस्त्री केलेली साडी पलंगावर काढून ठेवली होती. तुम्ही बूट घालता घालता म्हणालात, "तू येऊन काय करणार? दोन तास खुर्चीवर बसावं लागेल." आईने साडी उचलून परत कपाटात ठेवली. संध्याकाळी तुम्ही शाल, घड्याळ आणि साडीचा खोका घेऊन आलात. खोका फ्रिजवर ठेवलात. "हे तुला दिलंय त्यांनी." आईने विचारलं, "भाषण कोणी केलं?" तुम्ही म्हणालात, "केलं कोणीतरी. लांबलं." एवढंच. तुम्ही तिला का नेलं नाहीत, हे मी चौदा वर्षांत अनेकदा मनाशी विचारलं आहे. कदाचित दुसऱ्याच्या बायकोविषयी बोलणं सोपं असतं. कदाचित कोणी दुसऱ्याने तिच्याविषयी तसलं काही बोललेलं तुम्हाला तिच्या शेजारी बसून ऐकवलं नसतं. किंवा तुम्ही काहीही विचार केला नसेल, मी यादी करताना केला नाही तसाच.

"म्हणजे तुला माहीत आहे, हे सगळं खोटं आहे," मी म्हणाले.

"मी काय खुळी आहे?"

"मग आनंद कसला होतो तुला?"

आईने जरा विचार केला. मग म्हणाली, "डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून मी चहात ती बारकी गोळी टाकते. साखर नाही हे मला माहीत असतं. चहा गोड लागायचा राहतो का?"

गोळीचं गोड जिभेवर उरतं आणि नंतर कडू होतं, असं काहीतरी म्हणणार होते, पण त्या गोळ्या मीच तिला आणून देते. मग मला एकदम आपलं स्वयंपाकघर आठवलं आणि मी तिला एक विचारलं, जे विचारल्याचा मला अजून पश्चात्तापही होतो आणि होतही नाही.

मी नऊ वर्षांची असताना आईला टायफॉइड झाला होता. तुम्ही रजा घेतलीत, आणि तुम्हाला तर चहाही करता येत नव्हता. पहिल्या दिवशीची पेज करपली. दुसऱ्या दिवशी तुम्ही लॅबमधलं स्टॉपवॉच घेऊन आलात. मी दारातून बघते आहे. तुम्ही बनियनवर गॅसपाशी उभे आहात, एका हातात डाव, एका हातात ते घड्याळ, आणि पेज अशी ढवळता आहात की जणू मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आहे. मग गाळण्यातून गाळता, बोटाने मीठ चाखता, नखाची कड निळी. वाटी आईच्या उशाशी ठेवता आणि तिच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेवर बसता. "संपव," म्हणता. ती संपवेपर्यंत उठत नाही. तीन आठवडे, दिवसातून तीनदा. त्या तीन आठवड्यांत तुम्ही त्या शब्दाखेरीज तिच्याशी काही बोललेलं मला आठवत नाही. तिचे केस गळायला लागले तेव्हा उशीवरचे केस तुम्ही सकाळी ती जागी व्हायच्या आत वेचून काढायचात.

"त्याला तू पेजेचं सांगितलंस का गं?" मी आईला विचारलं. "टायफॉइडमधलं?"

आईचा चेहरा बदलला. मघाचं लाजणं, मघाचा शांतपणा, दोन्ही गेलं. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी काहीतरी घाणेरडं बोलले आहे.

"ते याला कशाला सांगू?" ती म्हणाली. "हा तिथे होता का?"

मग उठून खिडकीचा पडदा सारखा करत म्हणाली, "ते मी कोणालाच सांगत नाही."

ठाण्याला परतल्यावर लेकीला सगळं सांगितलं. ती लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाली, "आई, चिल ना. आजी हॅपी आहे ना? मग इश्यू काय आहे?" मी म्हटलं, इश्यू हा आहे की तुझ्या साखरपुड्याला ती आली नाही आणि घरी बसून दुसराच साखरपुडा करून घेतला. तेव्हा तिने लॅपटॉप मिटला. यादीचं ऐकल्यावर तर बाजूलाच सारला. मग म्हणाली, "मला वाटलेलं आजीचं नाव तू टाकलेलंच असशील. मी चेक पण नाही केलं." मग मी आईला फोन लावला. म्हटलं, लग्नात पहिलं औक्षण तू करायचंस. पलीकडून, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, म्हणू देत. "बघू," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचा आपणहून फोन आला. "येईन. पण चारच्या आत मला घरी सोडायचं." लग्न बाराचं आहे, बाबा. जेवणं होईपर्यंत तीन वाजतील. ती पंगतीतून उठून तुमच्याकडे यायला निघणार. म्हणजे तुमच्याकडे नाही. कसं लिहावं तेच कळत नाही.

आणि हे पत्र का लिहिते आहे ते राहिलंच. पहाटे चारच्या डब्याचं सांगितल्यावर लेक म्हणाली, "मग डेटा दे ना मला. आजोबा घरात कसे होते ते लिही. लेटर लिहितात तसं लिही, त्यांनाच. मी अपलोड करते. तो करेक्ट होईल, एकदम रिअल." म्हणजे मी तुम्हाला जे लिहीन ते तो वाचेल, शिकेल आणि मग तुमच्यासारखा जास्त होईल. मृत माणसाला लिहिलेलं पत्र आता पोचतं, उत्तरही येतं. मी विचार केला, चांगलं आहे. आईला निदान खरा माणूस मिळेल. माझ्या फोनवरही तिने ते ॲप घालून दिलं, तूही तपासून बघ म्हणाली. चार दिवस झाले, मी रोज संध्याकाळी डायनिंग टेबलाशी बसून लिहिते आहे.

पण काय काय लिहायचं? आई एकदा तुम्हाला न विचारता खडवलीला मावशीकडे राहून आली, तर तुम्ही चार दिवस तिच्याशी बोलला नाहीत, हे लिहू? ताट पुढे आलं की मान वर न करता जेवायचात, चांगलं झालं तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचात, हेच कौतुक, हे लिहू? माझ्या पहिल्या पगारातून आईला साडी आणली, तर तुम्ही ती गॅलरीत उजेडात नेऊन म्हणालात, "ही तू दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घेतलीस. रंग दिवसाच्या उजेडात बघायचा असतो. तुला दुकानदाराने फसवलं." साडी खरंच बाहेर मळकट दिसत होती. तुमचं बरोबर होतं, पण आईने ती एकदाच नेसली आणि मी तुम्हाला बरीच वर्षं माफ केलं नाही. हे सगळं त्याला शिकवलं तर तो खरा होईल. तो आईच्या हातांना नमस्कार करणार नाही. जेवलीस का म्हणणार नाही. आई मोरपंखी साडी नेसून समोर बसेल आणि तो म्हणेल, "बरं." तुमच्याबरोबर चाळीस वर्षं काढलेल्या बाईला मी ते पुन्हा द्यायचं, बरोबर आहे म्हणून?

तरी फक्त तेवढंच लिहून चालणार नाही, कारण ते तेवढंच म्हणजे तुम्ही नव्हतात. पेज लिहावी लागेल. उशीवरचे केस लिहावे लागतील. आणि ते माझं नाही, आईचं आहे, तिने ते चौदा वर्षं कोणाला हात लावू दिलेलं नाही. उद्या त्या काचेतून आवाज आला, "तुला आठवतं, मी स्टॉपवॉच लावून पेज करायचो," तर आईचं काय होईल? ती ऐकत बसेल की तो टॅबलेट उचलून गॅलरीतून खाली टाकेल? मला दोन्हीची भीती वाटते. कुठल्याची जास्त, ते सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र मी लेकीला देणार नाही. तिला सांगेन, जमलं नाही लिहायला. आईचा चारचा चहा आहे तसा चालू राहू दे, दुसऱ्यांच्या बायकांचं कौतुक तिला मिळू दे, आणि लग्नात तबक तिच्या हातात मी स्वतः देईन. यापलीकडे मला काही कळत नाही. तुम्ही असतात तर एका शब्दात निकाल दिला असतात, आणि तो मला पटला नसता.

एक मात्र सांगून टाकते. परवा आईला भेटायला गेले तेव्हा ती खाली भाजी आणायला गेली होती. मी टॅबलेटसमोर बसले. तो कितपत चुकतो ते तपासायचं, असं मनाशी म्हटलं. ऑफिसचं, पोरीच्या लग्नाचं, माझ्या पाठदुखीचं, काय काय बोलत गेले. आईची चाहूल लागली तेव्हा घड्याळ पाहिलं, पाऊण तास झाला होता. उठताना तो म्हणाला, "घरी पोचलीस की कळव गं." लग्न झाल्यापासून त्या दारातून मी शेकडो वेळा ठाण्याला निघाले असेन, तुम्ही पेपरमधून मान वर करून "बरं" म्हणायचात. मी त्याला उत्तर दिलं नाही. आईने विचारलं तर म्हटलं, आवाज नीट येतोय का बघत होते. ठाण्याला पोचले, कुलूप उघडलं आणि चपला काढायच्या आधी फोन काढून त्याला लिहिलं, "पोचले, बाबा." मग तिथेच दारात उत्तराची वाट बघत उभी राहिले.